जोनास क्विल्टरची चिकटलेली पानं

इंग्लंडातल्या हॅलिंगफील्ड गावच्या चर्चमध्ये उत्तरेकडच्या भिंतीवर एक पितळी पाटी होती. हातभर लांब, वीतभर रुंद. दर शनिवारी सकाळी साडेनऊला सिरिल थर्टल आधी वेदीवरची शमादानं पुसायचा, मग पंख पसरलेल्या गरुडाचा वाचनमंच, आणि सगळ्यात शेवटी ही पाटी. बाकीचं पितळ तो काम म्हणून पुसायचा. पाटीपाशी मात्र त्याचा हात रेंगाळायचा. तिच्यावर त्याचं नाव कुठेच नव्हतं, पण ती त्याच्यामुळे तिथे लागली होती.

पाटीवर कोरलेलं होतं : ‘जोनास क्विल्टर, रॉबर्ट क्विल्टरचा मुलगा. बाप्तिस्मा याच चर्चमध्ये, १४ ऑक्टोबर १६०९. समुद्र ओलांडून अमेरिकेत न्यू इंग्लंडला गेला व तेथे एका घराण्याचा मूळपुरुष झाला. त्याच्या वंशजांनी ही पाटी १९७२ साली बसवली.’

सिरिल तेव्हा, म्हणजे १९७९ च्या वसंतात, त्रेसष्ट वर्षांचा होता. जन्म याच गावातला. चोवीस वर्षं गावच्या रेल्वे स्टेशनात तिकिटं दिली. गाडी बंद झाली, रूळ उखडले, तेव्हा बियाणांच्या एका कोठारात कारकून म्हणून लागला. लग्न केलं नाही. बहीण आयव्ही विधवा होऊन परत आली आणि दोघं स्टेशनमागच्या विटांच्या घरात राहू लागली. गावाला त्याची ओळख मात्र या कशामुळेच नव्हती. चर्चच्या मागच्या खोलीत एक लोखंडी पेटी होती. तिच्यात चारशे वर्षांच्या बाप्तिस्म्यांच्या, लग्नांच्या आणि दफनांच्या नोंदवह्या होत्या आणि किल्ली सिरिलकडे होती. जुनं वळणदार अक्षर त्याला शाळेच्या म्हाताऱ्या मास्तरांनी शिकवलं होतं. अमेरिकेहून, कॅनडाहून पत्रं यायची, ‘आमचे पूर्वज तुमच्या गावचे होते असं घरात सांगतात.’ पाद्रीसाहेब ती पत्रं न फोडता सिरिलकडे पाठवायचे. सिरिल रविवारी दुपारी पेटी उघडायचा आणि उत्तर लिहायचा. त्याच्या उत्तरात तीनच निकाल असत : सापडलं, सापडलं नाही, शक्य आहे. चौथा निकाल त्याने कधी दिला नाही, अशी त्याची ख्याती होती.

या बाबतीत तो कोणाची भीड ठेवत नसे. खाटीक लॉफ्टसला आपण कुठल्याशा सरदाराच्या वंशातले आहोत असं वाटायचं. दुकानात ढाल-तलवारीचं चित्रही टांगलं होतं. सिरिलने वह्या चाळल्या आणि शनिवारच्या गर्दीत, सॉसेज घेता घेता सांगितलं, “लॉफ्टस, तुमची माणसं डुकरं राखायची. पाच पिढ्या. सरदार वगैरे कुणी नाही. इच्छा आणि पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.” रांगेतल्या बायका हसल्या. लॉफ्टसने दुसऱ्या दिवशी चित्र उतरवलं.

नोंदी शोधायला येणाऱ्यांना सिरिल एक गोष्ट हटकून सांगायचा. सगळ्यात जुनी वही चामड्याच्या पानांची होती. पुढून उघडली की बाप्तिस्मे, आणि उलटी करून मागून उघडली की दफनं. त्या काळी पाळण्यातली निम्मी मुलं दोन-चार वर्षांत मातीत जायची. म्हणून तो म्हणायचा, “नाव पुढे सापडलं की नाचू नका. वही उलटी करा. आधी त्याला मारून बघा. मरत नसेल तरच तो तुमचा.”

मिस ओपल क्विल्टरचं पहिलं पत्र १९६८ साली आलं. ती कनेटिकटमधल्या एका लहान गावात शाळामास्तरीण होती, नुकतीच निवृत्त झालेली. मूळपुरुष जोनास १६३८ साली तिकडे एकदम कागदावर उगवतो, त्याच्या आधीचं काही नाही. १६६१ साली एका कुंपणाच्या भांडणात त्याने साक्ष दिली, त्यात वय ‘अंदाजे बावन्न’. मूळ गाव सफोकात, म्हणजे हॅलिंगफील्डच्याच जिल्ह्यात, असं घरात पिढ्यानपिढ्या म्हणतात. बास, एवढंच. सिरिलने तीन रविवार घालवले आणि चौदा ऑक्टोबरची ती ओळ त्याला सापडली. वय जुळत होतं, नाव जुळत होतं. त्याने लिहिलं, ‘शक्य आहे.’

तिथून पत्रव्यवहार सुरू झाला आणि थांबलाच नाही. आधी ‘मिस्टर थर्टल’, मग ‘सिरिल’. ती तिच्या भावाबद्दल लिहायची. वेन्डेल सुतारकाम करायचा आणि दिवसभरात दहा वाक्यं बोलायचा. त्याचंही लग्न झालेलं नव्हतं. सिरिल आपल्या वालपापडीबद्दल लिहायचा. निळं विमानटपालाचं पाकीट दारातून आत पडलं की आयव्ही स्वयंपाकघरातून ओरडायची, “सिरिल, तुझी क्विल्टरबाई आली! दाढी कर!”

१९७० च्या हिवाळ्यात ओपलने लिहिलं : ‘आम्ही घराण्याचं पुस्तक काढतो आहोत. वेन्डेल आणि मी, हे नाव लावणारे आम्ही शेवटचे दोघं. “शक्य आहे” हे शब्द काढून टाकता येतील का? तुम्ही सांगाल ते मी प्रमाण मानीन.’

त्या रविवारी सिरिल चर्चच्या मागच्या खोलीत कोट न काढता बसला होता. त्याने वही उलटी केली आणि दफनं बघायला लागला. १६०९ चं पान झालं. १६१० चं झालं. पुढची दोन पानं ओलीने एकमेकांना चिकटून एक झाली होती. त्याने नखाने कोपरा उचलून पाहिला. चामडं करकरलं. तो घाबरला आणि हात मागे घेतला. इथपर्यंत त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याने ती पानं सोडून पुढची १६४० पर्यंत पाहिली, कुठे जोनास नव्हता. वही पेटीत ठेवली, कुलूप लावलं, घरी आला, चहा घेतला आणि लिहिलं, ‘दफनाच्या नोंदी १६०९ ते १६४० सर्व तपासल्या. जोनासची नोंद नाही. तुमचा माणूस हाच.’

लिहिताना त्याला फार बरं वाटलं होतं. कुणाला तरी एवढी मोठी गोष्ट आपण देतो आहोत, असं.

दोन वर्षांनी दोघं भावंडं आली. पाटी बसली, पाद्रीसाहेबांनी प्रार्थना केली, आयव्हीने शहाजिऱ्याचा केक केला. बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाच्या कडेवरून वेन्डेलने सुतारासारखा अंगठा फिरवला आणि म्हणाला, “कड चांगली धरलीय.” दिवसभरातलं त्याचं ते बहुधा तिसरं वाक्य होतं.

१९७९ च्या फेब्रुवारीत वेन्डेल गेला. ओपलने लिहिलं की त्याची राख तिला हॅलिंगफील्डला पुरायची आहे. जिथून निघालो तिथे एकाने तरी परत जावं, असं वेन्डेल शेवटच्या आजारात म्हणाला होता. चर्चच्या आवारात सहसा गावच्याच माणसांना जागा देतात. पण चर्चच्या समितीपुढे पाटी होती. समितीने परवानगी दिली. तारीख ठरली, मेचा दुसरा बुधवार, सकाळी अकरा.

त्याच वर्षी नवा कायदा आला होता. शंभर वर्षांपेक्षा जुन्या नोंदवह्या चर्चच्या ओलसर पेट्यांत ठेवायच्या नाहीत, जिल्ह्याच्या दप्तरखान्यात जमा करायच्या. वह्यांची यादी करायला मिस प्रिडी नावाची पंचविशीतली मुलगी मोटारीतून आली. तो मंगळवार होता, दफनविधीच्या बरोबर आठ दिवस आधीचा. सिरिलने टेबलावर स्वच्छ चादर घातली होती आणि वह्या सालवार मांडल्या होत्या.

“किती छान ठेवल्यात तुम्ही!” मिस प्रिडी म्हणाली. “काही ठिकाणी तर उंदरांची बिऱ्हाडं असतात.”

तिने जुनी वही उलटी केली, पानं मोजत गेली आणि थांबली. “ही दोन चिकटलीत वाटतं.”

“खूप वर्षांपासून,” सिरिल म्हणाला. “मी त्यांना हात लावत नाही.”

“बरं करता. पण तुम्ही इथे हीटर बसवल्यापासून ती आपली आपणच सुटायला लागलेली दिसतात. बघू?” तिने पिशवीतून हाडाची एक पातळ पट्टी काढली, कडेतून आत सरकवली आणि हलक्या हाताने फिरवली. एवढासा आवाज झाला. पानं उघडली. एक मिनिटही लागलं नाही.

“अगदी स्वच्छ!” ती खूश होऊन म्हणाली आणि सवयीने वाचायला लागली. “विधवा ॲग्नेस बर्च... एक अनोळखी वाटसरू... जोनास, रॉबर्ट क्विल्टरचा मुलगा, तीन फेब्रुवारी... अरे, क्विल्टर! बाहेर पाटीवर आहेत तेच का हो?”

सिरिलने चष्मा काढला आणि पुसला. पुन्हा लावला. ओळ तिथेच होती. साल १६११. मूल सव्वा वर्षाचं.

“तेच,” तो म्हणाला.

मिस प्रिडीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ती भली होती. म्हणाली, “पण मिस्टर थर्टल, एक मूल गेलं की पुढच्याला तेच नाव ठेवायचे ना हे लोक? दुसरा जोनास असेल.”

तेवढ्या एका आशेवर सिरिलने सगळी दुपार काढली. ती गेल्यावर त्याने पुढून एकेक ओळ बोट ठेवून वाचली. त्या रॉबर्टला पुढे दोन मुली झाल्या. १६१६ मध्ये रॉबर्ट स्वतः गेला. मुलगा नाही. दुसरा जोनास नाही.

बुधवारी सकाळी तो पाद्री एल्डरटन यांच्याकडे गेला. ते बागेत गुलाबांना खत घालत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हात झाडले.

“थर्टल, चूक कुणाच्याही हातून होते. चारशे वर्षांपूर्वीची गोष्ट.”

“समितीने परवानगी दिली ती नात्यावर, पाद्रीसाहेब.”

“समितीने परवानगी दिली ती चहा यायच्या आधी पाच मिनिटांत. बाई सत्तरीच्या पुढे गेलीय. भाऊ गेलाय. राख कुठेतरी तर ठेवायचीच ना? इथे ठेवली म्हणून देवाला काही अडचण होईल असं मला वाटत नाही.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “वही पुढच्या शुक्रवारी दप्तरखान्यात जाईल. कोण बघणार आहे?”

त्यांनी मायेने खांद्यावर हात ठेवला. तो हात सिरिलला फार जड वाटला. पाद्रीसाहेब ‘चूक’ म्हणत होते आणि त्याने त्यांना तसं म्हणू दिलं होतं.

आयव्हीला मात्र फसवणं कठीण. रात्रीच्या जेवणाला त्याने बटाटा नुसता इकडून तिकडे केला, तेव्हा तिने त्याच्याकडून सगळं काढून घेतलं.

“पानं चिकटलेली होती हे तुला तेव्हाच माहीत होतं?”

“होतं.”

“मग ‘सर्व तपासल्या’ असं लिहिलंस कसं?”

“वाटलं, नसेलच तिथे.”

आयव्हीने काटा खाली ठेवला. “तुला वाटलं! गेल्या नाताळात मिसेस पेकने शुभेच्छापत्रावर आपल्या बापाचं जन्मसाल चुकीचं लिहिलं, तर तू ते दुरुस्त करून परत पाठवलंस. परत, सिरिल! शुभेच्छापत्र! आणि त्या लॉफ्टसला दुकानभर बायकांसमोर काय म्हणाला होतास?”

“माहीत आहे मला काय म्हणालो ते.”

“म्हण ना मग.”

आयव्ही उठली, ताटं उचलली. नळाखाली भांडी घासत पाठमोरी म्हणाली, “मी गावात सगळ्यांना सांगत फिरले की माझा भाऊ कधी अंदाज करत नाही. नऊ वर्षं. आता मी पण खोटारडी झाले की नाही?”

ओपल पुढच्या मंगळवारी दुपारी आली. ताठ, उंच, पांढरे केस कानामागे. आयव्हीने हॅमचे सँडविच केले होते. ओपलने मांडीवर एक मोठी तपकिरी पर्स ठेवली होती. ती तिने खाली ठेवली नाही, खुंटीला अडकवू दिली नाही.

“वेन्डेल आहे आत,” ती म्हणाली. “विमानात शेजारचा मनुष्य विचारतो, ‘पर्स वरच्या कप्प्यात ठेवू का?’ मी म्हटलं, नको, त्याला उंचीची भीती वाटते.”

आयव्ही हसली. सिरिलही हसला.

मग ओपलने पिशवीतून पुस्तक काढलं. निळी कापडी बांधणी, वर सोनेरी अक्षरं. “पहिली प्रत तुमच्यासाठी राखून ठेवली होती. शेवटी छापून झालं एकदाचं. वेन्डेलने मुद्रितं पाहिली होती. दुसरं पान उघडा.”

दुसऱ्या पानावर मधोमध दोनच ओळी होत्या : ‘हॅलिंगफील्डच्या सिरिल थर्टल यांना. ते अंदाज करत नाहीत.’

“वाक्य वेन्डेलचं आहे,” ओपल म्हणाली.

सिरिलने पुस्तक मिटलं. तोंड उघडलं. आयव्हीने किटली हातात धरून त्याच्याकडे रोखून पाहिलं. “फार... सुंदर बांधणी आहे,” तो म्हणाला. आयव्हीने किटली आदळली. ओपलला वाटलं, हात भाजला.

बुधवारी सकाळी साडेनऊला सिरिल चर्चच्या आवारात पोहोचला तेव्हा कबरी खणणारा हेडली एका चौकोनी खड्ड्याच्या कडा कुदळीने तासत होता. हेडली त्याचा शाळेतला सोबती.

“बघ रे, बरा झालाय का. एवढ्यात तर मांजर मावणार नाही. पावणेचारशे वर्षांनी माणूस घरी येतोय आणि सामान बघ केवढं!” मग सिरिलच्या तोंडाकडे बघून म्हणाला, “तुला काय झालं? तुझाच कोणी गेल्यासारखा दिसतोयस.”

“थोडं थांब, हेडली. कडा राहू दे.”

“अकराला विधी आहे.”

“म्हणूनच म्हणतो, थांब.”

ओपल आयव्हीबरोबर फाटकातून आत येत होती. काळा कोट, हातात तीच पर्स. सिरिल पुढे गेला. “मिस क्विल्टर, विधीच्या आधी मला तुम्हाला वही दाखवायची आहे. शुक्रवारी ती जाणार आहे.”

“ओपल,” तिने सवयीने दुरुस्ती केली. “दाखवा ना. जोनासची ओळ बघायचीच होती मला परत.”

आयव्ही बाहेरच थांबली. मागच्या खोलीत त्याने पेटी उघडली, वही चादरीवर ठेवली आणि उलटी केली. ओपलने पाहिलं. ती अकरा वर्षं त्याची पत्रं वाचत आली होती. वही उलटी केली की काय असतं हे तिला ठाऊक होतं.

“ही दफनं आहेत,” ती म्हणाली.

“हो.” त्याने पान काढलं आणि बोट ठेवलं. “हे अक्षर तुम्हाला लागणार नाही. मी वाचतो. जोनास, रॉबर्ट क्विल्टरचा मुलगा, तीन फेब्रुवारी, सोळाशे अकरा.”

हीटरचा आवाज येत होता. ओपलने पर्स दोन्ही हातांनी धरली.

“दुसरा कुणी?”

“दुसरा नाही. मी पाहिलं. या वेळी खरंच पाहिलं.”

“कधी कळलं तुम्हाला?”

“आठ दिवस झाले. ही दोन पानं चिकटलेली होती, ती दप्तरखान्याच्या बाईंनी उघडली.”

“म्हणजे आधी दिसणं शक्यच नव्हतं,” ती हळूच म्हणाली. तिने स्वतःहून त्याच्यासाठी दार उघडून धरलं होतं. सिरिलला फक्त मान हलवायची होती.

“नव्हतं,” तो म्हणाला. “पण पानं चिकटलेली आहेत हे मला सत्तर सालीच दिसलं होतं. मी तुम्हाला तसं कळवलं नाही. ‘सर्व तपासल्या’ असं लिहिलं. ते खोटं होतं.”

ओपल खुर्चीवर बसली. तिने त्या ओळीकडे पाहिलं, जणू आता तिला ती वाचता येत होती. मग मास्तरिणीच्या आवाजात, अगदी थंडपणे बोलली.

“मी छत्तीस वर्षं शिकवलं. चुकीच्या उत्तराला मी कधी शून्य दिलं नाही. पद्धत बरोबर असेल तर अर्धे गुण द्यायचे. पण न सोडवता उत्तर लिहिणाऱ्या मुलाला मी शून्य द्यायची आणि आख्ख्या वर्गासमोर द्यायची.” मग विचारलं, “का केलंत?”

“तुम्हाला हवं होतं म्हणून.”

“मला काय हवं होतं ते मी पत्रात लिहिलं होतं. तुम्ही सांगाल ते मी प्रमाण मानीन, असं लिहिलं होतं. मला हो नको होतं. मला तुम्ही काय पाहिलंत ते हवं होतं.” तिचा आवाज पहिल्यांदा हलला. “वेन्डेल दोन रात्री ते वाक्य जुळवत होता. ‘ते अंदाज करत नाहीत.’ त्याला शब्द सापडायचे नाहीत. तुम्हाला माहीत आहे.”

सिरिल उभाच होता. बसायची हिंमत नव्हती.

“आणि ते मूल?” तिने विचारलं. “हा दुसऱ्याचा जोनास. त्याला कुठे पुरलंय?”

“माहीत नाही. मुलांना दगड नसायचे. कदाचित...” तो थांबला. “माहीत नाही.”

ओपल उठली. “आज तुम्ही दिलेलं हे पहिलं सरळ उत्तर,” ती म्हणाली आणि बाहेर गेली.

विधी झाला नाही. ओपल खड्ड्याच्या कडेला उभी राहिली, हेडलीने टोपी काढली, पाद्रीसाहेब झगा सावरत धावत आले आणि म्हणाले, “मिस क्विल्टर, आमची काहीच हरकत नाही, तुम्ही अजूनही...” तिने त्यांचे आभार मानले. म्हणाली, “अनोळखी लोकांत त्याला करमायचं नाही. तो बोलत नाही फारसा.” त्याच दुपारी ती गेली. सिरिलने मोटारीपर्यंत सामान नेलं. बॅग तिने त्याच्या हातात दिली, पर्स दिली नाही.

हेडलीने खड्डा बुजवला. हिरवळीचा चौकोन पुन्हा जागेवर बसवताना म्हणाला, “आज पहिल्यांदाच रिकामी कबर बुजवली रे मी.” सिरिलने बादलीतून पाणी आणून त्या चौकोनावर घातलं.

गावात बातमी संध्याकाळपर्यंत फिरली. शनिवारी तो लॉफ्टसच्या दुकानात उभा राहिला. रांग होती. लॉफ्टसने सॉसेजची माळ उचलली, वजनकाट्याकडे पाहिलं आणि मोठ्याने विचारलं, “काय थर्टल, वजन करून देऊ की अंदाजे चालेल तुम्हाला?”

बायका हसल्या. सिरिलच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तरी तो रांगेतून निघाला नाही.

“करून द्या,” तो म्हणाला. “आणि त्या दिवशी मी सगळ्यांसमोर जे बोललो त्याबद्दल माफ करा. तुमच्या घरात येऊन हळू सांगता आलं असतं.”

लॉफ्टसने वजन केलं आणि वर एक सॉसेज जास्त टाकलं. ते सॉसेज सिरिलला घरी खाववेना.

पाटी मात्र भिंतीवरच राहिली. चर्चच्या भिंतीवरचा खिळासुद्धा काढायचा तर बिशपच्या कचेरीची परवानगी लागते. सिरिलने पहिल्याच आठवड्यात अर्ज केला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘मजकूर खोटा आहे. चूक माझी आहे.’ पाद्रीसाहेब म्हणाले, “‘चूक’ पुरे, ‘माझी’ कशाला?” त्याने ते खोडलं नाही. उलट ‘चूक’ खोडून ‘दोष’ लिहिलं. तिकडून उत्तर आलं की अर्ज मिळाला, यथावकाश विचार होईल.

त्यामुळे शनिवार तसेच चालू राहिले. आधी शमादानं, मग गरुड, मग पाटी. पहिल्या शनिवारी त्याने पाटी तशीच सोडली होती. काळी पडली तर कुणी वाचणार नाही, असं मनात आलं. मग घरी जायला निघालेला तो फाटकातून परत फिरला आणि इतर पितळापेक्षा जास्त वेळ तिला घासत बसला. जूनमध्ये एक प्रवासी जोडपं आलं. नवरा पाटी वाचून बायकोला म्हणाला, “बघ, केवढा लांबचा धागा आहे.”

“ते खरं नाही,” सिरिल चिंधी हातात धरून म्हणाला. “हे मूल सव्वा वर्षाचं असताना वारलं. मी नीट न बघता सांगितलं होतं.”

“तुम्ही सांगितलं होतं? मग पुसताय कशाला?”

“काढेपर्यंत पुसायला हवी,” सिरिल म्हणाला. जोडपं एकमेकांकडे बघून पुढे गेलं.

ऑगस्टच्या शेवटी आयव्हीने निळं पाकीट त्याच्या बशीशेजारी ठेवलं. या वेळी ती ओरडली नव्हती. आत एकच कागद होता. सुरुवात ‘मिस्टर थर्टल’ अशी होती.

‘वेन्डेलला आईशेजारी ठेवलं. घराण्याच्या पुस्तकाच्या एकशे चाळीस प्रती वाटून झाल्या होत्या. प्रत्येकाला मी दुरुस्तीची चिठ्ठी पाठवली. अर्पणपत्रिका छापलेली आहे, ती राहील, त्याला माझा इलाज नाही. जोनास कुठून तरी आला असणार. हॅलिंगफील्डच्या आसपास क्विल्टर हे नाव कुठल्या गावांत होतं, ते मला हवं आहे. तुम्ही पाहिलेल्या वह्यांची यादी पाठवा. निष्कर्ष पाठवू नका. तो मी काढीन. आणि जी पानं तुम्हाला वाचता आली नाहीत, ती प्रत्येक कळवा.’

खाली नुसतं ‘ओ. क्विल्टर’.

सिरिलने पत्र आयव्हीला दिलं. तिने वाचलं, घडी घातली. “माफ केलेलं नाही तुला.”

“नाही.”

“मग बसलायस काय? टेबल पुसून देते.”

तिने मेणकापड पुसलं. सिरिलने पट्टी घेतली, कागदावर चार उभे रकाने आखले : गाव, वही, पाहिलेली पानं, न पाहिलेली पानं. पहिल्या ओळीत नवं गाव लिहायचं म्हणून त्याने पेन टेकवलं आणि थांबला. दोन मैलांवरच्या गावची वही तो गुरुवारी बसने जाऊन बघणार होता. पण ती यादीतली दुसरी ओळ झाली असती.

त्याने पहिल्या ओळीत लिहिलं : हॅलिंगफील्ड. दफनं. १६०९ ते १६१० पाहिली, १६१२ ते १६४० पाहिली. आणि चौथ्या रकान्यात, इतर अक्षरांएवढ्याच आकारात : १६११ ची दोन पानं, चिकटलेली. फेब्रुवारी १९७० मध्ये पाहिली नाहीत.